जिनिव्हातलं इन्स्पेक्शन

शेजाऱ्याच्या घरात आज काय शिजतंय हे फोडणीच्या वासावरून ओळखायची कला जन्मली आपल्या चाळीत. पण तिला पदवी मिळाली ती जिनिव्हात. तिथल्या सरोवराच्या काठावर जागतिक व्यापार संघटनेची जुनी, देखणी इमारत आहे. त्या इमारतीत वर्षभर अधूनमधून एक कार्यक्रम चालतो. एका देशाला समोर बसवायचं आणि उरलेल्या सगळ्यांनी त्याला विचारायचं, ‘काय हो, तुमचं आयात शुल्क किती? मागच्या खेपेपेक्षा वाढलेलं दिसतंय? का वाढवलंत? आणि ते डाळीचं काय ठरलं शेवटी?’ या कार्यक्रमाचं सरकारी नाव ‘व्यापार धोरण आढावा’. नाव असं ठेवलंय की शहाण्या माणसानं पान उलटावं. मी उलटलं नाही, कारण मी बँकेतला कारकून. ‘आढावा’ हा शब्द दिसला की आमचा हात आपोआप फायलींच्या कपाटाकडे जातो.

या आढाव्याची जन्मकथा कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या जन्मकथेसारखी आहे. १९४७ साली २३ देशांनी एकत्र येऊन व्यापाराचे नियम केले. त्याला ‘गॅट’ म्हणत. त्या २३ जणांत आपणही होतो. नियम झाले, सह्या झाल्या, आणि पुढची चाळीस वर्षं प्रत्येकजण आपापल्या दाराआड नियम पाळत होता. म्हणजे पाळतोय असं सांगत होता. दाराआड बघणार कोण? शेवटी डिसेंबर १९८८ मध्ये मंडळी माँट्रियलला जमली असताना ठरलं, की पाळीपाळीनं एकेकाचं दार उघडून बघायचं. वर्षभरानं, डिसेंबर १९८९ मध्ये, पहिल्या तिघांची पाळी लागली : ऑस्ट्रेलिया, मोरोक्को आणि अमेरिका. पुढं १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि ही पद्धत कायमची झाली. आपला पहिला नंबर लागला १९९३ साली, आणि सातवा जानेवारी २०२१ मध्ये.

पाळी किती वर्षांनी यावी याचाही नियम आहे. ज्याचा व्यापार मोठा, त्याची तपासणी लवकर. सगळ्यात मोठ्या चार जणांची पूर्वी दर दोन वर्षांनी होई, त्यांच्यामागच्या सोळा जणांची दर चार वर्षांनी आणि बाकीच्यांची सहा वर्षांनी. २०१९ पासून प्रत्येकाला एकेक वर्ष वाढवून दिलंय. अगदी गरीब देशांना याहूनही सवड. आपण त्या मधल्या सोळांत, म्हणजे आता पाच वर्षांनी एकदा. हे वाचून मला जिनिव्हाविषयी आदर वाटू लागला. मोठ्या खातेदाराकडे जास्त वेळा आणि छोट्याकडे कमी वेळा जायचं, हे व्यवहारात कुठंतरी चालतं हेच मला नवीन होतं. पाच हजार थकवणाऱ्याच्या दारात वसुलीवाले तीनदा जातात. पाच कोटीवाला आला की त्याला साहेबांच्या केबिनमध्ये बसवून चहा सांगतात, तोही बिनसाखरेचा, त्याच्या प्रकृतीची काळजी म्हणून.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. आधी दोन अहवाल तयार होतात. एक संघटनेच्या सचिवालयातले अर्थतज्ज्ञ लिहितात आणि दुसरा ज्याची तपासणी आहे तो देश स्वतः लिहितो. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. एकाच फ्लॅटबद्दल आधी इस्टेट एजंटाची जाहिरात वाचावी आणि मग व्हॅल्युएशनवाल्या इंजिनिअरचा रिपोर्ट, तसा अनुभव येतो. ‘भरपूर उजेड, मोकळी हवा’ आणि ‘उत्तरेकडील भिंतीत ओल’ ही दोन्ही वाक्यं खरी असतात.

अहवाल वाटले की सदस्य देश लेखी प्रश्न पाठवतात. आपल्यासारख्या मोठ्या देशाला ते शेकड्यांनी येतात. मग बैठक. ती दोन दिवस चालते आणि दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवलेला असतो. आपली २०२१ ची बैठक ६ आणि ८ जानेवारीला होती. हा मधला दिवस ज्यानं शोधून काढला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. पहिल्या दिवशी अडचणीत टाकणारे प्रश्न ऐकायचे आणि उत्तर शोधायला मधे अख्खा दिवस मिळायचा, ही सोय लग्नात असती तर किती संसार सुरळीत झाले असते! बैठकीतही जे प्रश्न सुटत नाहीत त्यांची लेखी उत्तरं महिन्याभरात द्यायची. आणि हे सगळं, अहवालांपासून इतिवृत्तापर्यंत, पुढं छापून खुलं होतं. कुणीही वाचावं. वाचणारे फार नसतात हा भाग वेगळा.

चर्चेला सुरुवात करायला एका तिऱ्हाईत देशाच्या राजदूताला नेमतात. तो आपल्या देशातर्फे बोलत नाही, वैयक्तिक नात्यानं बोलतो. प्रत्येक लग्नाच्या बैठकीत ‘मी आपला कुणाच्याच बाजूचा नाही, पण एक सांगू का?’ असं म्हणणारे एक काका असतात, त्यांची ही आंतरराष्ट्रीय आवृत्ती. शेवटी अध्यक्ष समारोप करतात. समारोपात आधी कौतुक, मग ‘तथापि’. त्या ‘तथापि’पर्यंत सभागृहात सगळे आरामात बसलेले असावेत आणि तिथून पुढं पेनं निघत असावीत, असं मला इतिवृत्तं वाचून वाटतं.

कौतुकही ऐकण्यासारखं असतं. व्यवसाय करण्याच्या सुलभतेच्या जागतिक बँकेच्या यादीत आपण काही वर्षांत १४२ वरून ६३ वर आलो होतो. त्या सुमाराच्या प्रत्येक सरकारी कागदात हे दोन आकडे शेजारी शेजारी असत. पुढं सप्टेंबर २०२१ मध्ये आकडेवारीत गडबडी निघाल्या म्हणून जागतिक बँकेनं ती यादीच बंद केली. म्हणजे आपण पास झालो आणि मग विद्यापीठ मोडलं.

तिथल्या भाषेविषयी मात्र थोडं जास्त बोललं पाहिजे, कारण बँकेत इतकी वर्षं काढून मला जे जमलं नाही ते त्यांना जमलंय. आमच्याकडे इन्स्पेक्शनला येणारे साहेब पहिल्या तासातच विचारतात, ‘हे व्हाऊचर कुठाय?’ जिनिव्हात व्हाऊचर कुठाय असं विचारायचंच नसतं. तिथं म्हणायचं, ‘व्हाऊचर जपून ठेवण्याच्या आपल्या थोर परंपरेची आम्ही दखल घेतो. या विशिष्ट व्हाऊचरच्या सध्याच्या वास्तव्याविषयी अधिक माहिती मिळाल्यास आम्ही आभारी राहू.’ एखाद्या देशानं ‘आम्ही स्वारस्यानं पाहत आहोत’ म्हटलं, की तो चिडलाय असं समजावं. ‘चिंता वाटते’ म्हटलं, की तो हात उगारायच्या बेतात आहे. उत्तर देणाराही त्याच शाळेतला. ‘सर्व पर्याय विचाराधीन आहेत’ म्हणजे काहीही होणार नाही, आणि ‘हे आमच्या आंतरराष्ट्रीय बांधिलकीशी सुसंगत आहे’ म्हणजे तुम्हाला काय करायचंय ते करा. आमच्या शाखेत यासाठी एकच वाक्य आहे : ‘नोंद घेतली आहे.’ इन्स्पेक्शन रिपोर्टच्या उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आम्ही ते लिहितो, आणि साहेब त्याखाली सही करतात. नोंद कुठल्या वहीत घेतली असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

गंमत म्हणजे या आढाव्यात शिक्षाच नाही. नियमातच लिहिलंय, की इथं बोललेलं कुणाविरुद्ध खटल्याचा आधार म्हणून वापरायचं नाही. भांडायचं असेल तर त्याची खिडकी वेगळी. ती खिडकीही आपल्याला माहीत आहे. परकी चलनाच्या तंगीचं कारण सांगून आपण शेकडो वस्तूंच्या आयातीवर संख्येची बंधनं ठेवली होती. अमेरिकेनं १९९७ मध्ये त्या खिडकीवर तक्रार केली, १९९९ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला, आणि मग १ एप्रिल २००० रोजी ७१४ वस्तूंवरची बंधनं उठली, १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरची. मी तेव्हा कॉमर्सला होतो. सरांनी ‘एकूण १४२९, परीक्षेला हमखास येणार’ म्हणून सगळ्या वर्गाकडून तो आकडा घोकून घेतला. परीक्षेला तो आला नाही. आला असता तर लिहून विसरून गेलो असतो. न आल्यामुळे अजून पाठ आहे.

ती झाली कोर्टकचेरी. आढावा म्हणजे नुसतं विचारणं. मग याचा उपयोग काय, असं आमचे हेड कॅशिअर विचारतात. ते रोकड मोजणारे असल्यामुळे जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांना मी मर्यादेचं उदाहरण दिलं.

प्रत्येक देशानं आयात शुल्काची एक कमाल मर्यादा संघटनेला लिहून दिलेली असते, आणि प्रत्यक्षात लावायचा दर त्याहून कमी असू शकतो. आपली लिहून दिलेली मर्यादा सरासरीनं पन्नास टक्क्यांच्या आसपास आहे. शेतमालाची तर शंभराच्या वर. प्रत्यक्ष लावलेल्या दरांची साधी सरासरी सचिवालयानं २०१४-१५ साली १३ टक्के काढली होती, २०२०-२१ साली ती १४.३ निघाली. आता कॅश क्रेडिटचं खातं डोळ्यांपुढं आणा. मंजूर मर्यादा पन्नास लाख, उचल चौदा लाख. खातेदाराचं काही चुकलंय का? अजिबात नाही. पण उरलेले छत्तीस लाख तो कुठल्या शुक्रवारी संध्याकाळी काढायला येईल हे मॅनेजरला माहीत नसतं, आणि म्हणून मॅनेजरची झोप उडते. सचिवालयाचं आपल्याबद्दलचं म्हणणं साधारण याच चालीचं आहे. देशातला पुरवठा आणि भाव सांभाळायला हे लोक आयात शुल्क, निर्यात बंदी, परवाने, किमान किंमत अशी सगळी हत्यारं वापरतात, ती वारंवार बदलतात, आणि त्यामुळे व्यापार करणाऱ्याला उद्याचा भरवसा राहत नाही.

हेड कॅशिअर म्हणाले, ‘राव, भरवसा आपल्याला तरी कुठाय?’

मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता, पण त्यांनी तो बरोबर सांगितला होता.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातला शेतकरी घ्या. आपल्या रगड्यातला वाटाणा पुष्कळदा त्याच्या शेतातला असतो. २०१५ साली आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली तेव्हा आपण जगभर डाळींसाठी हात जोडत होतो. पुढं देशात भरपूर पीक आलं, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीला मर्यादा घातली. नोव्हेंबरमध्ये तर एका रात्रीत वाटाण्यावर ५० टक्के शुल्क बसलं. आपल्या शेतकऱ्याचा भाव पडू नये म्हणूनच ते केलं, आणि त्यात गैर काही नाही, नियमातही बसतं. पण सस्कॅचेवानच्या माणसानं पेरणी आदल्या वसंतात केलेली होती. वाटाणा पेरताना त्याला दिल्लीची रात्र कशी दिसणार?

आता निफाडचा शेतकरी घ्या. तो माझ्या ओळखीचा आहे. माझा थोरला मावसभाऊ. त्यांना आम्ही नाना म्हणतो. त्यांचं पीककर्ज माझ्या बँकेत नाही, म्हणून आमचे संबंध चांगले आहेत. नाना उन्हाळ कांदा करतात. हा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत भरून ठेवतात. ही चाळ आपल्या चाळीसारखीच : लांबलचक, हवेशीर, आत गर्दी, आणि पावसाळ्यात सगळ्यांना कोंब फुटायची भीती. महिन्यागणिक कांद्याचं वजन घटतं, काही सडतो. हे सगळं सोसायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चार पैसे जास्त मिळतील म्हणून. आणि नेमके त्याच दिवसांत चार पैसे जास्त मिळू लागले, की दिल्लीला जाग येते. २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. ती मार्च २०२० मध्ये उघडली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंद.

त्या दुसऱ्या बंदीच्या संध्याकाळी नानांचा फोन आला. ‘काय रे, तुम्हा बँकवाल्यांना हे आधी कळतं का?’

मी म्हटलं, ‘नाना, आम्हाला आमच्या बदल्या आधी कळत नाहीत.’

माझ्या घरात मात्र याविषयी दुसरं मत आहे, आणि ते मत स्वयंपाकघरात असल्यामुळे त्याला वजन आहे. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा शंभरी ओलांडून गेला तेव्हा सौभाग्यवतींनी एक कांदा चार दिवस पुरवला होता. ‘अहो, बाहेर पाठवायचाच कशाला? आधी घरातल्यांना वाढा, उरला तर शेजाऱ्याला द्या,’ हे त्यांचं व्यापार धोरण. ते जिनिव्हालाही एका अर्थी मान्य आहे. निर्यातीवर बंदी घालू नये असा गॅटचा मूळ नियम, पण देशात खाण्याच्या वस्तूंची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते, असा अपवादही त्याच कलमात आहे. फक्त शेतीच्या करारात त्याला एक शेपूट आहे : बंदी घालण्याआधी, शक्य तितक्या लवकर, लेखी कळवा.

शेजाऱ्यांचं म्हणणंही तेवढंच होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा त्यांनी भर सभेत सांगितलं, की कांदा मिळेना म्हणून मी माझ्या आचाऱ्याला बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितलाय. पुढच्या वेळी जरा आधी कळवा. सभा हसली. वर्षभरात पुढची वेळ आली, आणि कांद्याचे ट्रक सरहद्दीवर उभे राहिले.

आता सरकारची अडचणही समजून घेतली पाहिजे. महिनाभर आधी कळवलं, तर त्या महिन्यात बंदरावर कांद्याची रीघ लागेल आणि बंदी येईपर्यंत बंदी घालायला कांदाच राहणार नाही. नोटाबंदीची नोटीस आधी देता येत नाही, तसंच हे. हेड कॅशिअर यावर लगेच माझ्या बाजूनं झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी मोजलेल्या नोटा ते अजून विसरलेले नाहीत. पण मग ते जरा गप्प राहून म्हणाले, ‘तरी ज्याच्या घरात पडून होत्या, त्याचं काय झालं ते आपण खिडकीतून बघितलंय राव.’

२०२० ची बंदी उठली १ जानेवारी २०२१ रोजी. जिनिव्हातला आढावा सुरू झाला ६ जानेवारीला. यात संबंध शोधायचं कारण नाही. नवा लाल कांदा बाजारात आला होता आणि भाव उतरले होते. पण पाहुणे यायच्या पाच दिवस आधी दार उघडलेलं असलं की बरं दिसतं, एवढं कुठलीही गृहिणी सांगेल. साहेब यायच्या आठवड्यात आमच्या शाखेतलीही बंद पडलेली ट्यूब लागते. साहेबांनी कुणाला दंड केलाय म्हणून ती लागत नाही. ते विचारतील म्हणून लागते. हेड कॅशिअरना हवा होता तो उपयोग मला इथं दाखवता आला.

मी नानांना हे सगळं सुटीत गावी गेलो तेव्हा समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे तो कॅनडातला वाटाणेवाला आणि मी, दोघांचं गाऱ्हाणं एकच?’

‘एकच.’

‘त्याच्या वतीनं त्याचा राजदूत विचारतो?’

‘हो.’

‘आणि माझा?’

‘तुमचा राजदूत उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला बसतो, नाना.’

नाना बराच वेळ चाळीकडे बघत राहिले. मी म्हटलं, कांदा विकत घेणाऱ्या एखाद्या देशानं विचारलं तर तुमचाही प्रश्न आपोआप विचारला जातो. ते म्हणाले, ‘वा. म्हणजे निफाडचं गाऱ्हाणं सातासमुद्रापलीकडच्या माणसानं मांडायचं.’ मी म्हटलं, ‘आमदार आहेत की.’ तर म्हणाले, ‘महिन्याच्या आत लेखी उत्तर देतात का?’

तेव्हापासून नाना जिनिव्हावर खूश आहेत. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात पुन्हा बंद झाली आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, तेव्हा त्यांचा पहिला फोन मला आला. शिवी नाही, चौकशी नाही. ‘आपण एक प्रश्न तयार करून ठेवू,’ म्हणाले. ‘त्यांच्या भाषेत. पुढच्या पाळीला कुणी नेणारा भेटला तर हाताशी असावा.’ ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण उठताना ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान भाव अशी दोन माणसं दारात बसवून गेली. निर्यात शुल्क पुरतं गेलं ते १ एप्रिल २०२५ रोजी. तोवर आमचा मसुदा तीन वेळा दुरुस्त झाला होता. नानांच्या पहिल्या मसुद्यातले काही शब्द आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर चालण्यासारखे नव्हते. शेवटी मी फोनवर वाचून दाखवला तो असा :

‘निफाड तालुक्याचे प्रतिनिधिमंडळ भारताच्या व्यापार धोरणातील लवचिकतेचे मनापासून कौतुक करते. ही लवचिकता सर्वसाधारणपणे संध्याकाळी किती वाजता सुरू होते, याविषयी अधिक स्पष्टता मिळाल्यास, आणि ती कांदा चाळीत भरण्यापूर्वी मिळाल्यास, प्रतिनिधिमंडळ आभारी राहील.’

नाना म्हणाले, ‘झकास. खाली “लोभ असावा” घाल.’

‘त्यांच्यात लोभ वगैरे लिहीत नाहीत, नाना.’

‘नसू दे. आपल्याकडचा घाल,’ नाना म्हणाले, ‘आणि एक प्रत त्या वाटाणेवाल्याला पाठव.’